कोलमडलेली रोपे, लांबुडकी रोपे आणि न उगवलेले धणे

प्रश्न वाईजवळच्या एका ताईंचा आहे. घरामागे चार गुंठे परसबाग आहे. तिथे या पावसाळ्यात टोमॅटो, मिरची आणि वांगी लावायची, कुंड्यांत बेसिल, पार्सली आणि कोथिंबीर करायची, असा त्यांचा बेत होता. मेच्या शेवटी ९८ कप्प्यांचे ट्रे आणले, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून भरली, पत्र्याच्या पडवीत हिरवे शेडनेट बांधून ट्रे जमिनीवर मांडले आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले. टोमॅटो-वांगी छान उगवली, पण आठ-दहा दिवसांत रोपे बुंध्याशी बारीक होऊन एकेक करत आडवी पडली. उरली ती लांबुडकी झाली. मिरची अर्धीच उगवली. बेसिल आले पण काडीसारखे. धणे आणि पार्सली उगवलेच नाहीत. बी खराब होते का, की आधीच औषध मारायला हवे होते, असे त्या विचारतात.

ताई, बियाण्याला दोष देऊ नका. टोमॅटो-वांगी छान उगवली म्हणजे बी जिवंत होते. रोपे गेली ती पाण्याने आणि लांबली ती सावलीने. आमच्याकडे जुन्नर भागात रोपवाटिकेच्या कामाला नवीन बाई आली की तिच्या हातात मी पहिल्या दिवशी पाइप देत नाही. आधी आठवडाभर नुसते ट्रे उचलून बघायला लावते. कारण रोपाला पाणी लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, मुळाला हवा लागते हे मात्र शिकवावे लागते. कप्पा सतत चिंब राहिला की त्यातली हवा निघून जाते, मुळाची टोके तपकिरी पडतात, आणि अशा दुबळ्या मुळाला बुरशी लगेच गाठते. शेतात आपण वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल सुकून माती नुसती ओलसर राहिल्याशिवाय, पेरणीची पाभर घालत नाही. ट्रेलाही तोच नियम लावायचा.

तुमच्या रोपांना झाले त्याला शेतकरी रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा पिथियम नावाची बुरशी असते, कधी रायझोक्टोनिया, कधी फायटोप्थोरा किंवा फ्युजॅरियम. पिथियमचे एक लक्षात ठेवा, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. कोकोपीटच्या किंवा मातीच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा टिकून राहिला तर ते एका मुळापासून दुसऱ्यापर्यंत पोहत जातात. म्हणूनच मर एकट्या-दुकट्या रोपावर थांबत नाही, ट्रेमध्ये एका बाजूने सरकत जाते. वरचा थर दिवसातून एकदा तरी सुकला तर हा प्रवास खुंटतो. हीच बुरशी बी उगवायच्या आधीही खाते. मिरचीला उगवायला आठ ते चौदा दिवस लागतात, टोमॅटोला पाच ते आठ. एवढे जास्तीचे दिवस मिरचीचे बी चिखलात पडून राहिले तर त्यातले काही आतल्या आत कुजते. शिवाय बियाण्याच्या सरकारी प्रमाणकांतच मिरचीची किमान उगवण ६० टक्के धरली आहे, टोमॅटो आणि वांग्याची ७०. तेव्हा मिरचीचे बी नेहमी थोडे जास्तच टाकावे.

औषधाकडे वळण्याआधी पडलेले एक रोप चिमटीत धरून उपटून नीट पाहा. बुंधा पाणी सुटल्यासारखा मऊ, दोऱ्याएवढा बारीक, आणि मुळाची साल बोटांत सुटून येते आहे, तर ते पिथियम. मातीच्या रेषेवर तांबूस-तपकिरी, आत दबलेला चट्टा आहे आणि रोप तिथेच मोडले आहे, तर रायझोक्टोनिया समजा. बुंधा कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तुटला असेल तर बुरशीचा काही संबंध नाही, ती रोपे कुरतडणारी अळी आहे. ती दिवसा मातीत इंचभर खाली वेटोळे करून बसते, रात्री बॅटरी घेऊन गेलात तर सापडते. आणि बुंधा हिरवागार, टणक, पण रोप स्वतःच्या वजनाने वाकले असेल, तर तो रोग नाही, उजेडाची उपासमार आहे. कोकोपीटवर हिरवे शेवाळ धरले असेल किंवा ट्रे हलवल्यावर बारीक काळ्या माश्या उडत असतील, तर पाणी जास्त होते आहे याला आणखी पुरावा नको. त्या माश्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये वाढतात आणि कोवळी मुळे खातात.

आता पाणी किती घालायचे? मिलिलिटरमध्ये याचे उत्तर मी देत नाही, कारण ते दरदिवशी बदलते. त्याऐवजी हे करा. एक ट्रे भरपूर भिजवा, खालून पाणी निथळू द्या, मग दोन्ही हातांनी उचला आणि ते वजन ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उचला. वजन निम्म्यावर आल्यासारखे वाटले, वरचे कोकोपीट गडद तपकिरीवरून फिके पडले, तर पाणी द्या. नाही वाटले तर देऊ नका, मग वरून थोडे कोरडे दिसले तरी. कप्प्यातले चिमूटभर कोकोपीट बोटांत दाबून पाहा. बोटे ओलसर झाली पाहिजेत, पाण्याची धार निघता कामा नये. मे महिन्याच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागू शकते, जूनच्या झडीत दोन दिवसांतून एकदाही पुरते. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर आणि बुंध्याशी राहते, बुरशीला हवे असते तेच. उन्हात पडलेल्या पाइपमधले पहिले पाणी बाजूला सोडून द्या, ते कोवळ्या रोपाला भाजण्याइतके तापलेले असते.

ट्रेच्या कडेचे कप्पे आधी वाळतात, मधले ओलेच राहतात. सगळ्यांना सारखे पाणी घातले की मधली रोपे बुडतात आणि कडेची तहानतात. आमच्या बायका आधी कडेने झारी फिरवतात, मग पाहून मध्ये. ट्रे जमिनीवर ठेवू नका. विटांवर दोन बांबू टाकून त्यावर मांडा, म्हणजे खालच्या भोकातून पाणी निथळते आणि हवा वर जाते. भोकातून डोकावणारे मूळ हवेत आले की तिथेच थांबते आणि मागे नवीन फाटे फुटतात. जमिनीवरच्या ट्रेमधले मूळ मातीत शिरते, आणि लावणीच्या दिवशी ट्रे उचलला की तेच नेमके तुटते.

कोकोपीटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुकानदार वीट देतो पण हे सांगत नाही. नारळाच्या काथ्याच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. वीट नुसती भिजवून भरली तर काही वेळा रोपांच्या पानांच्या कडा जळतात, वाढ खुंटते, आणि माणूस खत वाढवत बसतो. पाच किलोची वीट मोठ्या टबात फुगवा, पाणी काढून टाका, पुन्हा भरा, पुन्हा काढा. दोन-तीन पाण्यांनी बरेचसे क्षार जातात. त्यानंतर शंभर ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी एकदा धुऊन घ्या. कॅल्शियम कणांवर जागा धरते आणि चिकटून बसलेले सोडियम सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. धुतलेले म्हणून विकले जाणारे कोकोपीट मिळाले तर हा खटाटोप वाचतो, पण ईसी (क्षार किती आहेत ते दाखवणारी विद्युतवाहकता) मोजायचे यंत्र असणाऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या. ती १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत हवी, अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम. भरताना ओलाव्याचा अंदाज तोच ठेवा, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि एखादाच थेंब यावा. ९८ कप्प्यांच्या एका ट्रेला असे ओलसर कोकोपीट साधारण सव्वा किलो लागते. कप्पे ठासून भरू नका. ठासलेल्या कप्प्यात हवेला जागाच राहत नाही, मग पाणी कितीही जपून दिले तरी उपयोग होत नाही.

कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसते. बियांच्या दोन दळांत आठ-दहा दिवसांची शिदोरी असते, ती संपेपर्यंत रोपाला खताची गरज नाही. घरच्या कामासाठी मी तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घेते, आणि त्यात मूठभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कालवून दोन दिवस सावलीत ओलसर ठेवते. दळांनंतरचे पहिले खरे पान फुटले की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. व्यावसायिक रोपवाटिकांत पेरणीनंतर बाराव्या आणि विसाव्या दिवशी लिटरला तीन ग्रॅमने आळवणी करतात, म्हणजे ते पाणी मुळाशी ओततात, पण नुसत्या कोकोपीटला ते चालते. गांडूळखत मिसळले असेल तर त्याच्या निम्मेसुद्धा खूप झाले. युरिया टाकू नका. त्याने रोप दोन दिवसांत हिरवेगार दिसते आणि त्याचा बुंधा मऊ राहतो.

पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, किलोला पाच ग्रॅम हे प्रमाण आहे. तुमच्या पाकिटाला चिमूटभर पुरेल. बाजारातले संकरित बी बहुतेक वेळा रंगीत औषध लावूनच येते. त्यावर ट्रायकोडर्मा लावून फायदा नाही, तो ट्रे भरायच्या कोकोपीटमध्ये मिसळा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरा, टोमॅटो-मिरचीसाठी अर्धा सेंटिमीटर. जास्त खोल गेलेले बी वर येईपर्यंत दमते, आणि दमलेल्या अंकुराला मर लवकर लागते.

पेरून झाल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात, म्हणजे ऊब आणि ओल टिकते आणि सगळे बी एकदम उगवते. टोमॅटोला तीन-चार दिवस, मिरचीला आठवडा. इथे एक गोष्ट जिवापाड जपा. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिक उचलून पाहायचे. अंकुराची पांढरी वाकलेली मान एका-दोन कप्प्यांत दिसली की त्याच तासाला ट्रे उजेडात मांडायचे. सगळी उगवू देत, उद्या मांडू, असे म्हटले की संपले. अंधारात अंकुर एका रात्रीत दोन बोटे लांबतो, आणि लांबलेला दांडा नंतर कितीही ऊन दिले तरी आखूड होत नाही. लांबुडक्या रोपांची निम्मी तक्रार या एका रात्रीतून येते.

उरलेली निम्मी शेडनेटमधून येते. तुमच्याकडे वर पत्रा होता आणि त्याखाली जाळी, म्हणजे सावलीवर सावली. टोमॅटो, मिरची, वांगी ही उन्हाची पिके आहेत. ५० टक्के ऊन अडवणारी जाळी उघड्यावर, तीसुद्धा पहिले सात-आठ दिवस आणि दुपारच्या वेळेपुरती, याहून जास्त सावली त्यांना लागत नाही. त्यानंतर सकाळी दहा-अकरापर्यंतचे थेट ऊन द्या आणि रोज थोडे वाढवत न्या. शहरात गॅलरीत रोपे करणाऱ्यांनी खिडकीच्या आतली काचेजवळची जागा सोडून कठड्याबाहेरची पूर्वेची जागा धरावी. एका बाजूनेच उजेड येत असेल तर ट्रे रोज फिरवावा. एका कप्प्यात दोन रोपे आली तर त्यातले एक नखाने बुंध्याशी खुडा, उपटू नका, शेजारच्याची मुळे हलतात. आणि रोज जाता-येता रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा. वाऱ्याने किंवा स्पर्शाने हलणारे रोप आखूड आणि जाड बुंध्याचे होते. टोमॅटोमध्ये तर हे डोळ्यांना दिसते. फक्त रोपे ओली असताना हात लावू नका.

हाताचा विषय निघाला म्हणून सांगते. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीच्या रोपाला कुणालाही शिवू देऊ नका. तंबाखूच्या पानातून येणारा मोझॅक विषाणू याच कुळातल्या रोपांना लागतो, तो नुसत्या स्पर्शाने पसरतो, आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. साबणाने हात धुऊनच कामाला बसायचे.

दुसरा विषाणू पांढरी माशी आणते. टोमॅटोची पाने आकसून वाटीसारखी होतात, मिरचीवरच्या तशाच आजाराला आपण चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो. तिथे फुलकिडे आणि कोळीही सामील असतात. शेतात बोकड्या दिसतो तेव्हा शेतकरी फवारणीला धावतो, पण पुष्कळदा लागण रोपवाटिकेतच झालेली असते, झाड मोठे झाल्यावर ती दिसते एवढेच. म्हणून शेडनेटपेक्षा कीटकरोधक जाळीवर पैसे घालवा. ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोके असलेली) पांढरी जाळी, बांबूच्या कमानींवर ताणून, खालच्या कडा मातीने दाबून. ती उजेडही फारसा अडवत नाही. आत एक पिवळा चिकट सापळा टांगा. त्यावर पांढऱ्या माश्या चिकटलेल्या दिसल्या तर जाळी कुठे फाटली आहे ते शोधा. टोमॅटोचे बी घेताना पाने आकसवणाऱ्या या पर्ण-गुच्छ विषाणूला सहनशील वाण मागा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण त्या विषाणूबरोबरच जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या दोन्हींनाही तोंड देतो.

हे सगळे ट्रेचे झाले. चार गुंठ्यांसाठी ट्रेच हवेत असे मुळीच नाही. कांद्याचे उळे, म्हणजे बी, तर आजही गादीवाफ्यावरच टाकतात, आणि वांगी-मिरचीही त्यावर झकास होतात. वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीत-दीड वीत उंच. रुंदी मीटरभरच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. उंची पावसाळ्यात तर सोडूच नका, सपाट वाफ्यात जूनचे पाणी साचले की रोपे दोन दिवसांत जातात. दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत घाला. ओले शेण घातलेत तर मुळे खाणारी हुमणी अळी घरी बोलावलीत असे समजा. बी फोकू, म्हणजे हाताने उधळून टाकू, नका. रुंदीला समांतर, चार बोटांवर काकऱ्या (उथळ रेघा) पाडून त्यात पातळ पेरा. फोकलेले बी जिथे दाट पडते तिथे रोपे एकमेकांच्या सावलीत लांबतात, हवा खेळत नाही आणि मरीची सुरुवात त्याच झुबक्यातून होते.

वाफ्याची माती आधी तापवून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. कोकणात आणि मावळात भाताचा, नाचणीचा तरवा (रोपे) टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, शेणी, फांद्या पसरून राब भाजतात. त्याने तणाचे बी आणि वरच्या थरातली रोगराई जळते. आता तेवढा पाला जाळावा असे मला वाटत नाही. झाडाखाली कुजला तर तो अधिक कामाचा आहे. उन्हाकडून तेच काम करून घेता येते. एप्रिल-मेमध्ये वाफा तयार करून भरपूर भिजवा, त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून अंथरा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे, काळे स्वतः तापते आणि मातीपर्यंत ऊब कमी पोहोचवते. माती ओली हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि भिजलेली बुरशी लवकर मरते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याइतके फुकटचे आणि खात्रीचे साधन रोपवाटिकेला दुसरे नाही. यंदाची वेळ गेली, पुढच्या वर्षी गुढीपाडवा झाला की वाफे करायला घ्या.

आता तुमच्या कुंड्या. धणे तुम्ही दोन कारणांनी गमावले. धण्याचा दाणा म्हणजे जोडफळ, त्यात दोन बिया असतात. तो चपलेने किंवा लाटण्याने हलका रगडून दोन फाळ्या कराव्या लागतात, मग रात्रभर भिजवून पेरावा. भुगा होईल इतका जोर नको. दुसरे म्हणजे धण्याला थंड माती आवडते. मेअखेरच्या तापलेल्या कोकोपीटमध्ये तो नीट उगवत नाही आणि उगवला तरी लगेच फुलावर येतो. उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात कोथिंबिरीची जुडी महाग होते त्याचे एक कारण हेच. धणे ट्रेमध्ये कधीच टाकू नका. त्याचे सोटमूळ हलवलेले त्याला सोसत नाही. मेथी, शेपू, पालक, मुळा, गाजर, भेंडी हीसुद्धा जागच्या जागी पेरायची पिके आहेत. काकडी, दोडका, कारले यांची रोपे करता येतात, पण मोठ्या कप्प्यात, आणि दोन खरी पाने आली की, पेरणीपासून पंधरा दिवसांच्या आत लावून टाकायची.

पार्सली उगवायला दोन ते चार आठवडे घेते. तुम्ही कदाचित तिसऱ्या आठवड्यात ट्रे ओतून टाकला असेल. तिचे बी दिवसभर कोमट पाण्यात भिजवा आणि मुख्य म्हणजे दिवस थंड होईपर्यंत थांबा. बेसिलचे नेमके उलटे आहे. त्याला ऊब हवी, चार-सात दिवसांत ते उगवते, पण बी वर नुसते भुरभुरून हलके दाबायचे, मातीने झाकायचे नाही. भिजवूही नका. सब्जासारखा त्याभोवती चिकट गर धरतो आणि मग बी सुटे करता येत नाही. तुमचे काडीसारखे बेसिल अजून जिवंत असेल तर उन्हात काढा, आणि तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा. खुडलेला शेंडा पेल्यातल्या पाण्यात ठेवलात तर त्यालाही आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. तुळसही पिकलेल्या वाळक्या मंजिरीतले बी असेच भुरभुरून करायची. पुदिना, पानओवा, गवती चहा यांच्या बियांच्या नादी लागू नका. पुदिन्याचे मुळे असलेले धावते खोड, पानओव्याची काडी, गवती चहाच्या बेटातला फुटवा, एवढे शेजारणीकडून आणले की काम होते. कढीपत्त्याचे बी मात्र लावता येते. पिकून काळी झालेली फळे घ्या, गर काढून बिया धुवा आणि त्याच दिवशी पेरा. त्या साठवणीत फार लवकर निर्जीव होतात. साठवणीत कांद्याचे बीसुद्धा असेच हळवे, वर्षभरात त्याची उगवण घसरते. टोमॅटोचे बी नीट कोरडे ठेवले तर चार वर्षांनीही उगवते.

रोप लावणीला कधी येते? टोमॅटो २५ ते ३० दिवसांत, वांगी ३५ ते ४०, मिरची ३५ ते ४५, कांदा हंगामाप्रमाणे सहा ते आठ आठवडे. मी दिवसांपेक्षा रोप पाहते. एक रोप बुंध्याला धरून, खालून बोटाने ढकलून कप्प्याबाहेर काढा. मुळांनी कोकोपीटचा सुळका अखंड धरून ठेवला आहे, मुळे पांढरीशुभ्र आहेत, पण गोल-गोल फिरू लागलेली नाहीत, ही वेळ. वर चार-पाच खरी पाने, बुंधा जाड, पेरे आखूड, उंची वीतभराच्या आत. विकतची रोपे घेतानाही असेच एक रोप काढून दाखवायला सांगा. चांगला रोपवाटिकावाला आनंदाने दाखवतो. ट्रेमध्येच फुलकळी आलेले रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ते म्हातारे झालेले असते, मुळे गुंडाळलेली असतात, आणि शेतात ते बसून राहते.

लावणीच्या आधी पाच ते सात दिवस रोपे कणखर करायची. जाळी पूर्ण काढा, खत थांबवा, पाण्याची पाळी लांबवा. पाने दुपारी किंचित मान टाकतील आणि संध्याकाळी उठतील इतपत. टोमॅटोच्या बुंध्यावर जांभळट छटा येते, पाने जरा जाड आणि गडद होतात. आदल्या रात्री किंवा सकाळी भरपूर पाणी द्या आणि लावणी दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी करा. दहा टक्के रोपे मागे राखून ठेवा, आठवड्या-दहा दिवसांत नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला त्याच वयाची रोपे लागतात.

तुमच्याकडे आज जी रोपे उभी आहेत त्यांचे असे करा. पडलेली रोपे कोकोपीटच्या सुळक्यासकट काढून बागेपासून लांब पुरा, ती पुन्हा उभी राहत नाहीत. दोन दिवस पाणी बंद करून ट्रे पडवीबाहेर, पावसाचा थेट मार लागणार नाही पण वारा आणि ऊन लागेल अशा जागी विटांवर ठेवा. तरीही मर सरकत राहिली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, एकदाच, बुंध्याशी आळवणी करा. ते दिल्यावर आठ-दहा दिवस ट्रायकोडर्मा घालू नका, तीही बुरशीच आहे, तांब्याने मरते. टोमॅटोची लांबुडकी रोपे फेकू नका. ती वरच्या पानांपर्यंत आडवी तिरकी करून मातीत पुरा, टोमॅटोच्या खोडाला गाडलेल्या भागातून नवी मुळे फुटतात. मिरची-वांग्यात ही सोय नाही, त्यांची लांबलेली रोपे काढून टाका आणि या आठवड्यात पुन्हा पेरा. जूनच्या मध्यावर पेरलेली वांगी जुलैच्या शेवटी लावायला येतील, वाईच्या पावसात त्यांना काही अडचण नाही. मिरची थोडी मागास होईल, पण उंच गादीवाफ्यावर लावलीत तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये तोडे सुरू होतात. धणे गणपतीनंतर पेरा, आणि पार्सलीचे उरलेले पाकीट फ्रीजमध्ये घट्ट डब्यात ठेवून दसरा झाला की काढा.